अख्ख्या गावाचा जावई

बुलेंगेरा
शुक्रवार, दुपार

प्रिय जावईबापू,

हे पत्र आजच संध्याकाळी गोरेत्तीच्या बाबांच्या हाती पाठवते आहे. दुसऱ्या कुणाकडे दिलं असतं तर तुमच्या टेबलावर पोचेपर्यंत अर्ध्या बाजाराला तोंडपाठ झालं असतं. हे मात्र कुणाचं पत्र उघडत नाहीत. स्वतःला आलेलंही उघडत नाहीत. रोज सकाळी न्याहारी झाली की "जरा रक्तदाब बघून येतो" म्हणून तुमच्याकडे निघतात आणि परत येऊन मला सांगतात ते तुमच्याबद्दलच: "आज पोरगा हसला नाही." "आज त्यानं चहा तसाच ठेवला." फुटबॉलच्या मैदानाच्या अलीकडे मी, पलीकडे तुम्ही, लग्नाला वर्ष उलटून गेलं, आणि आपण एकमेकांना ओळखतो ते असं तिसऱ्याच्या तोंडून. तुम्ही घरी आलात की मी आतल्या खोलीत आणि तुम्ही बाहेर. मध्ये दार, दाराला पडदा. "आई, तब्येत कशी आहे?" "बरी आहे बाबा, शेंगदाण्याचं कालवण घ्या अजून." एवढ्यावर आपलं बोलणं संपतं. सासू-जावयाचं इथं असंच असायचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आज जे सांगायचं आहे ते पडद्यातून सांगण्यासारखं नाही, आणि फोनवर तर मुळीच नाही. म्हणून लिहायला बसले आहे. मध्ये मास्तरकी आली तर सोसून घ्या.

आधी तुमच्या बातमीबद्दल. गोरेत्तीनं मला सांगितलं (तिच्यावर रागावू नका, पोटात गोष्ट ठेवणं तिला जन्मात जमलं नाही) की तुम्ही बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहे आणि महिनाअखेरीस तो जिल्ह्याला देणार आहात. ती म्हणाली, "आई, ते म्हणतात, ज्या गावाला मी नको त्या गावात मी कशाला राहू?" ऐकून मला आधी राग आला आणि मग फार वाईट वाटलं. तेओपिस्ताला झटका आल्यापासून तुम्ही नीट झोपलेला नाहीत हे मला माहीत आहे. माझी धाकटी जाऊ ती. रक्तदाब तपासायला टॅक्सीत बसून मसाकाला निघाली आणि वाटेतच तिची उजवी बाजू गेली. तुमच्या दवाखान्यात यंत्र होतं, गोळ्या होत्या, तुम्ही होता, आणि ती तुमच्या दारावरून पुढे गेली. मग जिल्ह्याच्या बैठकीत त्या साहेबांनी सगळ्यांदेखत तुम्हाला विचारलं, की चाळिशीपुढच्या बायका तुमच्याकडे फिरकत का नाहीत, तुम्ही उद्धट वागता का? आणि वर म्हणाले, की तुमची चूक नसेल तर तिथल्या बायकाच अडाणी असल्या पाहिजेत. जावईबापू, तुम्ही वाईट डॉक्टर नाही आणि आम्ही अडाणी नाही. हे मी सासू म्हणून तुमच्या पाठीवरून हात फिरवायला लिहीत नाही. आयुष्यभर कंपालात समाजशास्त्र शिकवलं, त्या भरवशावर लिहिते आहे. तेव्हा तो अर्ज तूर्त खणात ठेवा आणि पुढचं वाचा.

तुम्ही एकदा गोरेत्तीला विचारलंत म्हणे, "तुझी आई शिकवायची ते नेमकं काय? माणसं कशी वागतात हे तर सगळ्यांनाच माहीत असतं." माझ्या वर्गातली पोरं पहिल्या दिवशी हेच म्हणायची. त्यांना मी पुस्तक उघडू देत नसे, सरळ टॅक्सीच्या थांब्यावर पाठवायची. टॅक्सीत जागा रिकामी आहे, माणसाला घाई आहे आणि तरी तो चढत नाही, असं कधी होतं ते बघून या, असं सांगायची. पोरं नाना उत्तरं घेऊन यायची. खिसा रिकामा असेल, कंडक्टरशी जुनं भांडण असेल, मैत्रिणीची वाट बघत असेल. एकानं तर सांगितलं, "मॅडम, त्या माणसाचं डोकंच फिरलेलं होतं. चढला, आत बघितलं, आणि साप दिसल्यासारखा उलट्या पावली उतरला. पाऊस कोसळत होता, तरी पुढच्या गाडीसाठी भिजत उभा राहिला!" सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "अरे शहाण्या, रिकाम्या जागेच्या शेजारी कोण बसलं होतं ते बघितलंस का?" त्यानं दुसऱ्या दिवशी थांब्यावर चौकशी केली, तर बसली होती त्या माणसाची सासू. सासू-जावयानं एकमेकांच्या समोर यायचं नाही, शिवायचं तर मुळीच नाही, शिवलं तर दोघांनाही हात थरथरण्याचा रोग लागतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि टॅक्सीत तर चौदाजण कोंबलेले, मांडीला मांडी लागते. तो माणूस वेडा की शहाणा, हे त्याच्या एकट्याकडे बघून कळत नाही, शेजारच्या सीटकडे बघावं लागतं. माझं सगळं शास्त्र म्हणजे ही शेजारच्या सीटकडे बघायची सवय. बाकीचं परीक्षेपुरतं.

आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगायची. एक बाई दवाखान्यात आली नाही तर तिच्या पायाला काय झालं ते विचारा. सगळ्याच आल्या नाहीत तर वाटेला काय झालं ते विचारा. तुम्हाला एकेका माणसाला तपासायची सवय, आणि डॉक्टरला ती हवीच. पण त्यामुळे झालं काय, की या दुखण्यात तुम्ही स्वतःलाच तपासत बसलात. माझं बोलणं तुटक आहे का, मी फार पोरसवदा दिसतो का, माझी भाषा शहरातली म्हणून हसतात का. गोरेत्ती सांगत होती, वयस्कर दिसावं म्हणून तुम्ही दाढीसुद्धा वाढवून बघितलीत. (काढलीत ते बरं केलंत.) मी मात्र वाटेकडे बघायचं ठरवलं. तेओपिस्ताला इस्पितळातून घरी आणल्यावर मी रोज दवाखान्यासमोरच्या फणसाखाली जाऊन बसायला लागले. यांची बहीण, आपली मॅक्सेन्सिया आत्या, तिथे कणसं भाजून विकते. तिच्या शेगडीमागे एक बाकडं आहे. तिथून तुमचं दार दिसतं आणि तुम्हाला आम्ही दिसत नाही, मध्ये धूर असतो. लोकांना वाटलं, निवृत्त झालेली बाई, वेळ जात नसेल.

तिथून काय दिसलं ते सांगते. म्हातारे येतात, रमतगमत येतात, आमच्या यांच्यासारखे. तरण्या सुना दिवस गेले की येतात, पोरं कडेवर घेऊन येतात. आणि मॅक्सेन्सिया! साठी उलटलेली बाई, पण कणसं माझ्यावर सोपवून अशा ऐटीत आत जाते, आणि तिचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो: "काय नवरोबा, भाची मिळाली म्हणून आत्याला विसरलात होय? सुई हळू टोचा, नाहीतर भाचीला परत घेऊन जाईन!" तुम्ही लाजून चूर होता आणि सगळी रांग खिदळते. आत्याला जावयाची थट्टा करायचा हक्कच असतो, तिला शिवाशिव नाही. आता माझ्या जावा बघा. थोरली बिब्याना, शाळेत शिक्षिका होती, नाकावर माशी बसू न देणारी. ती रस्त्यानं आली आणि दवाखान्याचं कुंपण सुरू झालं की छत्री उघडते. ऊन नाही, पाऊस नाही. छत्री डोक्यावरही नाही, आडवी धरलेली, दवाखान्याच्या बाजूला. कुंपण संपलं की छत्री बंद. तिच्या मागून येणारी जाऊ तशीच, तिच्या मागचीही तशीच. मॅक्सेन्सिया कणीस उलटत म्हणाली, "ऊन लागतंय त्यांना, दवाखान्याचं." मी कपाळावर हात मारून घेतला. मी स्वतः तुमची सख्खी सासू, माझं न येणं तुम्ही गृहीतच धरलं होतं. पण या सगळ्याजणी तुमच्या सासवा आहेत, हे तुमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्या सासवा तुमच्या अंगावर कशा आल्या ते ऐका, आणि हसा. तुम्ही मागणी घालायला आमच्या अंगणात आलात तो दिवस आठवतो ना? आणायच्या होत्या दोन गोमेसी, एक मला आणि एक आत्याला. पण तुमच्या बाजूचा बोलका गडी उभा राहिला आणि छाती फुगवून म्हणाला, "आमचा मुलगा हात आखडता घेणारा नाही! या घरातल्या सगळ्या आयांसाठी आणलंय त्यानं!" मग टोपल्यांवर टोपल्या. यांच्या सख्ख्या-चुलत सगळ्या भावांच्या बायकांना एकेक नवी गोमेसी, रुंद रेशमी पट्टा, उभ्या टोकदार बाह्या. बायकांनी आनंदानं असा गलका केला की फणसावरचे पक्षी उडाले. बिब्याना माझ्या कानाशी लागली, "असा जावई मिळायला पुण्य लागतं गं." मीही फुगले. नात्यानं या सगळ्या गोरेत्तीच्या आयाच, पण लांबची आई वेळप्रसंगी डोळेझाक करू शकते, दंड पुढे करून सुई घेऊ शकते. जिनं जावयाच्या हातची गोमेसी सगळ्यांदेखत घेतली आणि नेसली, तिला ती सोय उरत नाही. आणि एवढ्यावर न थांबता तुम्ही, बायकोला माहेर जवळ पडावं म्हणून, मागून मागून नेमणूक घेतलीत ती याच गावात! अख्ख्या गावाचा जावई आणि त्याच गावाचा डॉक्टर. तुमचा तरी काय दोष? जिंजाच्या पोलीस लाइनीत वाढलात, एका बाजूला आचोली शेजारी, दुसऱ्या बाजूला बसोगा, आपल्या रीतीचं कुणीच नाही. तुम्हाला वाटलं, सासू एकच असते, तिला पडद्याआड ठेवली की झालं.

पण नुसतं लांबून बघून निष्कर्ष काढायचा नाही, हेही मीच शिकवलेलं. मागच्या आठवड्यात म्हातारे सेरुंजोगी गेले, तेव्हा त्यांच्या केळीच्या बागेत आम्ही सगळ्या जावा मयताच्या स्वयंपाकाला बसलो होतो. पानं अंथरलेली, हिरव्या केळ्यांचा ढीग, हातात सुऱ्या. केळी सोलताना बायका खरं बोलतात, हा माझा अनुभव आहे. मी विषय काढला. आधी नेहमीचीच उत्तरं आली. "वेळ कुठे असतो?" "मसाकाच्या गोळ्या जास्त लागू पडतात बाई." मग मी छत्रीचं नाव घेतलं, तशा सुऱ्या थांबल्या. बिब्याना फणकारली, "मग काय दंड उघडा टाकून त्याच्यापुढे बसू? तो माझं मनगट धरणार, नाडी बघणार. उद्या त्याचे हात थरथरायला लागले तर? डॉक्टर आहे तो! थरथरत्या हातानं सुई कुठे टोचेल, नेम आहे का?" सगळ्या हसल्या. पण लक्षात घ्या, तिला स्वतःच्या हातांआधी तुमच्या हातांची काळजी होती. दुसरी म्हणाली, "पोरगा गुणाचा आहे गं. तेओपिस्ताची बातमी आली तेव्हा दवाखान्यामागे उभा राहून रडत होता, मी बघितलं. त्याला कोण सांगणार, की बाबा, तू परका असतास तर आलो असतो?" तेओपिस्ता तिथेच भिंतीला टेकून बसली होती, डाव्या हातानं पानं पुसत. तिची जीभ अजून जड आहे. ती एकेक शब्द ओढत म्हणाली, "मी... दारापर्यंत... गेले होते. त्या दिवशी. मग टॅक्सी आली." मला रडू फुटलं, आणि हाताला केळीचा चीक, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नाही.

साहेबांना हे कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी ती भोंग्याची गाडी पाठवली. "भगिनींनो, जाग्या व्हा, अज्ञान सोडा, दवाखान्यात चला!" गाडी बिब्यानाच्या दारासमोर उभी राहिली तेव्हा ती झाडू घेऊन बाहेर आली. "कुणाला अज्ञान म्हणतोस रे? तुझ्या बापाला विचार, त्याला पाढे कुणी शिकवले!" गाडीवाला खरंच तिच्या विद्यार्थ्याचा मुलगा निघाला आणि भोंगा बंद करून गेला. तुम्ही विचाराल, आई, शिवल्यानं हात थरथरतात हे तुम्ही तरी मानता का? ते वैद्यकशास्त्राला विचारा. मी एवढंच बघते, की ही प्रथा करते काय. ती सासूला जावयाच्या संसारापासून चार हात लांब ठेवते. माझ्या जिभेला ओळखणारा कुणीही सांगेल, की गोरेत्तीचा संसार सुखाचा चालला आहे त्यात त्या पडद्याचा मोठा वाटा आहे! जी गोष्ट घराघरात रोज काहीतरी काम करते, ती भोंग्यानं जात नाही. तिला घालवायची गरजही नाही.

आणि तुम्ही निघून गेलात तर प्रश्न सुटेल, असंही मनात आणू नका. परका डॉक्टर आला तर माझ्या जावा जातील त्याच्याकडे, हे खरं. पण येणार कोण? तुम्ही येण्याआधी त्या दाराला इतकी वर्षं कुलूप होतं की आत कोंबड्या अंडी घालायच्या. सिस्टरची जागा अजून रिकामीच आहे. ती भरली असती तर निम्मं काम तिनं केलं असतं. तुम्ही गेलात की पुन्हा कुलूप आणि पुन्हा कोंबड्या. म्हाताऱ्या सासवाच नव्हेत, पोटुशा सुनाही मग टॅक्सीत बसून मसाकाला निघतील, आणि सगळ्याच पोचतील असं नाही. तेव्हा तुम्ही राहायला हवं आणि आम्ही यायला हवं. दोन्ही एकदम कसं जमणार, हा प्रश्न घेऊन मी त्या मयताच्या घरून परतले असते. पण उठायच्या आधी चहा झाला, आणि चहा पिता पिता बिब्यानानं तिच्या आजोबांची एक गोष्ट सांगितली.

ते जावई म्हणून नवे होते तेव्हाची. एके दिवशी केळीच्या बागेतून येताना अचानक त्यांच्या सासूबाई समोर आल्या. नदीवरून येत होत्या, छाती उघडी. दोघांनी तोंडं फिरवली, पण नजर पडायची ती पडली. आता हात थरथरणार, म्हणून दोन्ही घरांत रडारड सुरू झाली. आजोबा मात्र सरळ साल कुटणाऱ्याकडे गेले, झाडाच्या सालीचं कोरं तांबडं वस्त्र घेतलं आणि सासूबाईंकडे पाठवून दिलं. त्यांनी ते पांघरलं, उलट एक कोंबडी पाठवली, आणि विषय मिटला. बिब्याना म्हणाली, "वस्त्र गेलं की बघितलेलं झाकलं जातं. म्हातारा नव्वदीला गेला तरी सुईत दोरा ओवायचा." बघा जावईबापू, प्रथा पाडणारे लोक काही मूर्ख नव्हते. एका गावात राहायचं तर सासू-जावई कधीतरी समोरासमोर येणारच, हे त्यांना कळत होतं, आणि त्यांनी मोकळं व्हायची वाट ठेवली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि जावयानं वस्त्र आधीच पाठवलं तर?" बिब्यानानं पेला खाली ठेवला. "आधीच पाठवलं तर... मग बघायला-शिवायला हरकत काय उरली?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण पहिली कोण जाणार? तू जातेस? मोठी शिकलेली ना तू! उघड तूच दंड जावयापुढे!" सगळ्या इतक्या हसल्या की मयताच्या घरचे लोक बघायला आले. मीही हसले. उत्तर दिलं नाही.

उत्तर तुम्हाला देते आहे. उद्या शनिवार, बाजाराचा दिवस. सालीचं एक कोरं वस्त्र घ्या, चांगलं मऊ कुटलेलं, आणि तुमच्याकडे राहायला आलेल्या धाकट्या भावाच्या हाती माझ्याकडे पाठवा. कागदात गुंडाळायचं नाही. हातावर उघडं धरून भर बाजारातून, कणसांच्या शेगडीवरून, बिब्यानाच्या दारावरून आणायचं. मॅक्सेन्सिया विचारेल, "काय रे, हे कुणाला?" त्यानं मोठ्यानं सांगायचं, "वहिनीच्या आईला. त्या सोमवारी दवाखान्यात यायच्या आहेत." पुढचं काम मॅक्सेन्सियावर सोडा, साहेबांच्या भोंग्यापेक्षा तिचा आवाज लांब जातो. मी ते दारातच पांघरीन आणि कोंबडी पाठवीन. सगळ्यांना एकदम पाठवायची घाई मात्र करू नका, गोमेसींच्या वेळी केलीत ती पुरे. दोन दिवसांत बिब्याना तोंड फुगवून विचारेल, "मला का नाही आलं?" तेव्हा तिलाही पाठवा. प्रथेला हे असं ओढून नव्या कामाला लावणं लोक कायमच करत आले आहेत, आणि आमच्या जावांना ते जमणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. मला त्यांची खात्री आहे, आणि तुमचीही.

आता शेवटचं, आणि इथून मी तुला 'तू' म्हणते, कारण हे मी फक्त मुलालाच लिहू शकेन. इथवर वाचून तुला वाटलं असेल, की सासूनं हा सगळा उद्योग गावासाठी केला, तुझ्या अर्जासाठी केला. दोन्ही खरं आहे. पण मी त्या बाकड्यावर जाऊन बसले त्याच्या थोडे दिवस आधी, अंघोळ करताना, माझ्या डाव्या छातीत हाताला गाठ लागली. काखेच्या बाजूला आहे. दुखत नाही, आणि न दुखणं हे चांगलं लक्षण नव्हे एवढं मला कळतं. यांना सांगितलेलं नाही, गोरेत्तीलाही नाही. कंपालात माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, आणि पुढे तू सांगशील तिथे मी जाईनच. पण आधी तिकडे गेले तर इथल्या एकीलाही पुन्हा तुझ्या दाराकडे बोलावायला मला तोंड उरणार नाही. आणि खरं सांगू? मी घाबरले आहे रे. इतकी वर्षं इतक्या लोकांना धीर दिला, आणि आता रोज सकाळी त्या गाठीला हात लावून बघते, गेली का म्हणून. अशा वेळी माणसाला आपलं माणूस लागतं. सोमवारी दवाखाना उघडताच मी येईन. तूच बघ. दुसऱ्या कुणाचा हात मला नको.

तुझीच,
आई

पर्पेतुआ नामुली